मुडदूस: अंधाराचा आणि गळतीचा

इंदुरातल्या जुन्या वाड्यांची मापं घेताना मी दरवेळी माजघराच्या अंधारापाशी थबकतो. या अंधाराचा हाडांशी संबंध नाशिकमध्ये दिसला होता. हचिसन आणि शहा यांनी 1922 साली तिथल्या पाहणीवर निबंध छापला: पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत मुडदूस, आणि उन्हात राबणाऱ्या गरिबांची पोरं, जेवण निकस असूनही, सुटलेली! मोठ्यांत हाच आजार म्हणजे अस्थिमृदुता. ओटीपोटाची हाडं वाकली की बाळंतपण बाईच्या जिवावर बेतायचं.

पण काही मुलांचे पाय ऊन आणि ड जीवनसत्त्व मिळूनही वाकतात. बॉस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी 1937 मध्ये असा मुलगा नोंदवला; त्याला त्यांनी ड जीवनसत्त्वाचे प्रचंड डोस दिले होते. पुढे कळलं की एका हार्मोनच्या अतिरेकामुळे फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातं. इंजिनीअरच्या भाषेत, टाकीच गळकी. हा दोष बहुधा आनुवंशिक. मोठेपणी क्वचित एखाद्या गाठीमुळे, आणि ती काढली की माणूस बरा होतो. एरवी फॉस्फेट दिवसातून अनेकदा थोडं थोडं, जोडीला कॅल्सिट्रिऑल. 2018 पासून त्या हार्मोनलाच अडवणारं बुरोसुमॅब आलंय, पण फार महाग.

नुसता ड चा डोस वाढवत नेला तर मूत्रपिंडं बिघडू शकतात. तेव्हा पाय सरळ होत नसतील तर रक्तातलं फॉस्फेट तपासलंय का, हे डॉक्टरांना आधी विचारा.