हमरापूरहून ग्रंथपाल होताना : ऑनलाइन शिक्षणाविषयीचे गैरसमज

पेण तालुक्यातले हमरापूर म्हटले की गणपती आठवतात. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. याच घरांतून पदवीधर मुलेमुलीही बाहेर पडतात, आणि त्यांतल्या एखादीला ग्रंथपाल व्हावेसे वाटते. ग्रंथालयशास्त्राची नावाजलेली शिक्षणकेंद्रे मात्र मुंबईत : मुंबई विद्यापीठाचा विभाग किंवा एसएनडीटी महिला विद्यापीठाचे 1961 साली सुरू झालेले एसएचपीटी स्कूल ऑफ लायब्ररी सायन्स. हमरापूरला रेल्वे स्थानक आहे, पण दिवा-रोहा मार्गावरच्या मोजक्या गाड्यांच्या भरवशावर रोज मुंबईचा वर्ग गाठणे जिकिरीचे. नोकरी किंवा कारखान्यातले काम सांभाळून तर ते जमण्यासारखे नाही. उरतो तो दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचा मार्ग. आणि त्या वाटेवर पाऊल टाकण्याआधीच चार जण चार सल्ले देतात. त्यांतले बरेच चुकीचे असतात, काही अर्धे खरे असतात. अर्धे खरे जास्त नुकसान करतात.

‘घरबसल्या मिळवलेल्या पदवीला कोण विचारतो?’

हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चिवट समज. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 मध्ये मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे विनियम केले. मान्यताप्राप्त संस्थेने या पद्धतींनी दिलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असे त्यांत लिहिलेले आहे. सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने ते पुन्हा जाहीर केले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) 1985 पासून आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून उभे आहे. त्यांच्या बी.लिब. आणि एम.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या घेतलेले ग्रंथपाल राज्यभर काम करीत आहेत. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचे तर एम.लिब.ला 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावी लागते (पीएच.डी. असल्यास नियमांनुसार सूट मिळते). ही अट नियमित विद्यार्थ्याला आहे तशीच दूरस्थ विद्यार्थ्याला आहे.

पण ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द घाईने वाचून पुढे जाऊ नये, कारण फसवणूक तिथेच होते. मान्यता नुसत्या विद्यापीठाला असून भागत नाही. त्या अभ्यासक्रमाला, त्या पद्धतीला आणि त्या प्रवेशसत्राला ती असावी लागते. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर ही यादी असते आणि कोणालाही पाहता येते. दूरस्थ अभ्यासक्रम दुसऱ्या संस्थेला चालवायला देण्यास, म्हणजे फ्रँचायझी देण्यास, विनियमांत मनाई आहे. दूरस्थ पद्धतीत राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर केंद्र काढता येत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमाला हद्दीचे बंधन नाही. तेव्हा बाजारपेठेतल्या एखाद्या क्लासने परराज्यातल्या विद्यापीठाची दूरस्थ बी.लिब. ‘आमच्याकडूनच’ मिळेल, परीक्षेचेही आम्ही बघू, असे सांगितले तर तिथून उठावे. फी भरून झाल्यावर यादी बघण्याला काही अर्थ नसतो.

याच ओघात आणखी एक गोंधळ मिटवू. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या व्यासपीठावर ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रम येत असतात. नावनोंदणी आणि शिकणे विनामूल्य असते. प्रमाणपत्र हवे तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. हे प्रमाणपत्र म्हणजे बी.लिब. नव्हे. तुम्ही एखाद्या विद्यापीठात शिकत असाल आणि त्या विद्यापीठाने मान्य केले, तर 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक ‘स्वयम्’वरून घेता येतात. दहावीनंतरचा ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रम म्हणजेही बी.लिब. नव्हे. सार्वजनिक वाचनालयात कामाला लागण्यासाठी तो उपयोगी आहे, पण त्याच्या बळावर महाविद्यालयातले ग्रंथपालपद मिळत नाही.

‘वर्गीकरण, तालिकीकरण ऑनलाइन शिकताच येत नाही’

या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याला जरा वेळ देऊ. ग्रंथालयशास्त्रातले बरेच विद्यार्थी वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकाला घाबरतात, आणि त्याचे कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. चित्रफितीत शिक्षक एक शीर्षक घेतो, क्रमांक काढून दाखवतो, बघणाऱ्याला समजल्यासारखे वाटते. पुस्तक हातात आले की मात्र सुचत नाही.

हमरापूरचेच उदाहरण घेऊ. समजा, वाचनालयात गणपतीवरची पाच पुस्तके आली. पाचांच्याही नावात ‘गणेश’ आहे. पहिले मातीची मूर्ती कशी घडवावी हे सांगते : डेव्ही दशांश पद्धतीत ते शिल्पकलेच्या तंत्राकडे, 731 मध्ये जाईल. दुसरे गणेश या दैवताविषयी, पुराणकथा आणि उपासनेविषयी आहे : ते हिंदू धर्माच्या 294.5 खाली. तिसरे गणेशोत्सव या सणाचे वर्णन करते : त्याची जागा 394.265, धार्मिक सणांत. चौथे विसर्जनानंतर प्लास्टर ऑफ पॅरिसने पाणी कसे बिघडते यावर आहे : 363.7394, जलप्रदूषण. पाचव्यात मूर्तिव्यवसायाचे अर्थकारण आहे, म्हणून ते 338 कडे, उद्योगांच्या रांगेत. एकाच नावाची पाच पुस्तके पाच कपाटांत गेली. शीर्षकावर विसंबणाऱ्याने ती सगळी एकाच ठिकाणी कोंबली असती, आणि प्रदूषणावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे पुस्तक देवादिकांच्या कपाटात शोधावे लागले असते. अनुक्रमणिका चाळून, प्रस्तावना वाचून ‘हे पुस्तक नेमके कशाबद्दल आहे’ ते ठरवणे हे वर्गीकरणाचे खरे काम. क्रमांक शोधणे त्यानंतरचे.

हे काम पडद्यावर बघून येत नाही. पण वर्गात बसूनही ते आपोआप येत नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लगेच शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे त्यांनी व्याख्याने ऐकली, पण शिक्षक बर्विक सेयर्स यांच्या सल्ल्याने क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम केले आणि इंग्लंडमधली शंभरावर ग्रंथालये प्रत्यक्ष पाहिली. 1931 चे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत आणि 1933 ची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती यांच्यामागे ते कपाटांपुढचे उभे राहणे आहे. आपल्या विद्यार्थ्याला क्रॉयडन नको, पण पेण-रोह्यातले एखादे वाचनालय हवेच. तिथे दहा पुस्तके घ्यावीत, स्वतः क्रमांक द्यावेत, मग अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या खुल्या तालिकेत तीच किंवा तशाच विषयाची पुस्तके शोधून ताडून पाहावीत. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदीत डेव्ही क्रमांक बहुधा मिळतो. मराठी पुस्तकांच्या नोंदीत तो असेलच असे नाही. तिथे मोठ्या ग्रंथालयातल्या अनुभवी ग्रंथपालाला विचारावे.

लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मराठी पुस्तके आहेत, हे अनेकांना खोटे वाटते. या संस्थेचे दिल्लीत 1962 पासून कार्यालय आहे आणि भारतीय भाषांतली पुस्तके ते गोळा करते, त्यांच्या नोंदी करते. त्या नोंदी मार्क 21 या प्रमाणित संगणकीय स्वरूपात कोणालाही पाहता येतात. तालिकीकरणाच्या विद्यार्थ्याला याहून चांगली वही मिळणार नाही. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच माणसाची नावे कशी जोडायची, पु. ल. देशपांडे यांची नोंद ‘देशपांडे’खाली, पण तुकारामांची ‘तुकाराम’खालीच का, हे प्रत्यक्ष नोंदी उघडून पाहिल्यावर जसे उलगडते तसे नियमांच्या पाठांतराने उलगडत नाही. अडचण एकच : या नोंदींत मराठी शीर्षके रोमन लिपीतही लिप्यंतरित केलेली असतात, ती वाचायची सवय करावी लागते.

‘संगणक प्रणाली महाग, ती शहरातच शिकायची’

हे साफ चूक आहे. कोहा ही जगभर वापरली जाणारी ग्रंथालय प्रणाली मुक्त आणि विनामूल्य आहे. ती एखाद्या मोठ्या विद्यापीठाने केलेली नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण जिल्ह्याच्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली सन 2000 उजाडताना निकामी होणार होती. नवी विकत घेणे झेपेना, म्हणून त्यांनी एका छोट्या कंपनीकडून 1999 मध्ये नवी करून घेतली. जानेवारी 2000 मध्ये ती सुरू झाली आणि मग त्यांनी ती सगळ्यांसाठी खुली केली. पेणसारख्या तालुक्यातल्या वाचनालयाने डोळ्यांसमोर ठेवावा असा हा इतिहास आहे. कोहाची प्रात्यक्षिक स्थळे इंटरनेटवर उघडी असतात. सर्व्हर न बसवताही नोंद भरणे, देवघेव करणे, शोध घेणे करून पाहता येते. नोंदी देवनागरीत करता येतात. याशिवाय राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची सोल या प्रणाली आपल्याकडे रुळलेल्या आहेत.

‘नोट्स ग्रुपवर मिळतात, तेवढे पुरे’

पुरत नाहीत, आणि कधी कधी दिशाभूल करतात. डेव्हीची 23 वी आवृत्ती 2011 ची आहे. आपल्याकडच्या अनेक अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिकासाठी 1979 ची 19 वी आवृत्ती दीर्घकाळ वापरली गेली. त्या आवृत्तीत संगणकविषयक पुस्तक 001.6 वर जाते, तर पुढच्या आवृत्त्यांत 004 ते 006 वर. ग्रुपवर फिरणाऱ्या नोट्समध्ये आवृत्ती लिहिलेली नसते. विद्यार्थी बरोबर पद्धतीने चुकीचे उत्तर लिहितो. ओसीएलसी या ग्रंथालय-संस्थेची ‘क्लासिफाय’ ही वर्गांक शोधून देणारी मोफत सेवा 2024 मध्ये बंद झाली, तरी जुन्या चित्रफिती अजून तिचाच पत्ता देतात. म्हणून आधी आपल्या विद्यापीठाला कोणती आवृत्ती अपेक्षित आहे ते पाहावे, मग नोट्स उघडाव्यात.

खात्रीचे साहित्य भरपूर आणि फुकट आहे. इग्नूची अभ्यासपुस्तके ‘ई-ज्ञानकोश’वर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘ई-पीजी पाठशाला’वर ग्रंथालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, त्यात प्रत्येक घटकाचा मजकूर, चित्रफीत आणि स्वयंचाचणी असते. नेटचा अभ्यास करणाऱ्याने तो सोडूच नये. ‘शोधगंगा’वर प्रबंध वाचता येतात. हे बहुतेक इंग्रजीत आहे, हे मान्य. मराठीतून शिकायचे असेल त्याला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची मराठी पुस्तके आधार देतात. संदर्भसेवेच्या सरावासाठी मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहेच. माझे मत असे की संकल्पना मराठीतून पक्क्या कराव्यात आणि संज्ञा दोन्ही भाषांत पाठ असाव्यात, कारण नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत येते.

आधार म्हणजे माणूस

एवढे सगळे साहित्य असूनही विद्यार्थी मध्येच का सोडून जातात? ऑनलाइन साहित्य मिळाले म्हणजे आधार मिळाला, हा या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. स्वाध्यायात कुठे चुकले हे सांगणारे कोणी नसेल तर मुलगी पुढच्या स्वाध्यायात तीच चूक करते. अभ्यासकेंद्रावरची संपर्कसत्रे ‘ऐच्छिक’ समजून लोक टाळतात. प्रात्यक्षिकाची सत्रे तरी कधीच टाळू नयेत. इग्नूमध्ये स्वाध्यायांना साधारण 30 टक्के वजन असते आणि ते वेळेत न दिल्याने निकाल अडकतो. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. हमरापूरच्या घरात जून म्हणजे मूर्तींच्या कामाची घाई. तिथल्या विद्यार्थ्याने अवघड विषय डिसेंबरला ठेवावेत. मुक्त शिक्षणात ही मोकळीक असते आणि ती वापरण्यात कमीपणा नाही.

माणसांचा आधार जवळ उभा करता येतो. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड वर्गांची हजारो मान्यताप्राप्त वाचनालये आहेत. त्याच्याही आधी, 1911 मध्ये, सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाच्या हाताखाली बडोद्यात ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग काढला होता आणि संस्थानातल्या खेड्यांपर्यंत ग्रंथालये नेली होती. गावच्या वाचनालयाला शिकलेला माणूस लागतो, हे तेव्हाच ओळखले गेले होते. आज पेण आणि रोह्यातल्या वाचनालयांनी, महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी आठवड्यातला एक दिवस दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी ठेवला, दाखल नोंदवही, ग्रंथमोजणी, देवघेव त्यांच्या हातून करून घेतली, तर विद्यार्थ्याला प्रात्यक्षिक मिळेल आणि अपुऱ्या कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या वाचनालयाला मदतीचे हात मिळतील.

ग्रंथपालांना माझी विनंती आहे, अशा विद्यार्थ्याला सभासदाच्या खुर्चीवर बसवू नका, टेबलाच्या आत घ्या. आणि विद्यार्थ्यांनो, प्रवेश घेण्याआधी दूरस्थ शिक्षण मंडळाची यादी पाहा, अभ्यासक्रमाचे नाव आणि सत्र तपासा, आणि मगच पैसे भरा.