सालोमोने रोस्सीचीं हिब्रू स्वरपुस्तकें

यहुदी लोकांच्या कलासंगीताच्या वाढीचा विचार करूं लागलें असतां मांटुआ येथील सालोमोने रोस्सी याच्या ‘हा-शिरीम आशेर लि-श्लोमो’ या संग्रहापाशीं प्रथम थांबावें लागतें. हा संग्रह इ. स. १६२२-२३ मध्यें व्हेनिस येथें छापला गेला. त्यांत तीनपासून आठ आवाजांपर्यंतच्या ३३ हिब्रू रचना आहेत. बहुस्वरी पद्धतीच्या हिब्रू संगीताचा हाच पहिला मुद्रित संग्रह होय.

रोस्सी हा मांटुआच्या गोंझागा घराण्याच्या पदरीं असलेला वादक व रचनाकार. यहुद्यांनीं अंगावर पिवळें चिन्ह वागविण्याचा निर्बंध होता, त्यांतून ड्यूक व्हिन्चेन्झो यानें १६०६ मध्यें त्यास मोकळें केलें. दरबारांत असा मान मिळाला, तरी प्रार्थनामंदिरांत या संगीतास वाट सुलभ नव्हती. जेरुसलेमचें मंदिर उध्वस्त झाल्याचा शोक चालू असतां असलें गायन उचित नव्हे, असा सनातन्यांचा आक्षेप होता. फेरारा येथें हाच वाद उपस्थित झाला, तेव्हां लिओन मोदेना या धर्मपंडितानें १६०५ मध्यें गायनास अनुकूल निर्णयपत्र लिहिलें व व्हेनिसच्या पंडितांनीं त्यास संमति दिली. रोस्सीच्या संग्रहाच्या आरंभीं तें निर्णयपत्र छापलेलें आहे. यास्तव स्वरांइतकींच हीं आरंभींचीं पानेंही इतिहासाचें साधन होत.

छपाईंत एक निराळाच पेंच होता. स्वरलिपि डावीकडून उजवीकडे चालते, हिब्रू अक्षरें उजवीकडून डावीकडे. अखेर दोहोंचीही दिशा न बदलतां स्वरांखालीं शब्द बसविण्यांत आले. गायकांस प्रार्थना मुखोद्गत असल्यामुळें हें निभावलें.

संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावयाची मुख्य गोष्ट पुढेंच आहे. त्या काळच्या रीतीस अनुसरून प्रत्येक आवाजाचें पुस्तक स्वतंत्र असे. सर्व आवाज एकत्र दाखविणारी प्रत छापलेली नव्हती. अर्थात् एक पुस्तक गहाळ झालें कीं त्या आवाजाच्या सर्व रचना खंडित होत. १६३० मध्यें बादशाही फौजेनें मांटुआ लुटलें व तेथील यहुदी वस्तीची वाताहत झाली. रोस्सीचें १६२८ नंतरचें एकही प्रकाशन आढळत नाहीं, आणि त्यानें घातलेली ही परंपरा तेथेंच खुंटली.

पुढें सुमारें अडीचशें वर्षांनीं सामुएल नॉमबुर्ग यानें पॅरिस येथें, १८७६-७७ च्या सुमारास, यांतील ३० रचना पुन्हां प्रसिद्ध केल्या. परंतु त्यांत त्यानें ठिकठिकाणीं फेरफार केले. मूळास धरून केलेल्या आवृत्त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून निघाल्या. जुनीं स्वरपुस्तकें शिल्लक राहिलीं म्हणूनच हें शुद्धीकरण शक्य झालें.

यावरून आम्हांस इतकेंच सुचवावयाचें आहे कीं, संचांतून फुटलेलें एखादें पुस्तक अपुरें म्हणून टाकूं नये. तेंच दुसरीकडील अपुऱ्या संचाचें पूरक ठरण्याचा संभव असतो. आणि मागून निघालेली सुबक आवृत्ति हातीं आली, तरी मूळ प्रतीची गरज संपत नाहीं.