‘मॉडरेट’ म्हणजे ‘थोडंसं’ नव्हे! जाणून घ्या या शब्दाचा नेमका अर्थ

हवामानाचं ॲप उघडा किंवा एखादा मेडिकल रिपोर्ट पाहा, ‘मॉडरेट’ हा इंग्रजी शब्द हमखास दिसतो. अनेकजण त्याचा अर्थ ‘थोडंसं, काळजीचं कारण नाही’ असा घेतात. इथेच गफलत होते.

मूळ अर्थ काय?
हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘मोडस’चा अर्थ माप. म्हणून मॉडरेट म्हणजे कमीही नाही आणि जास्तही नाही, असं मधलं. मराठीत संदर्भानुसार मध्यम, माफक, बेताचं किंवा संयत असे शब्द वापरता येतात. ‘मॉडरेट फी’ म्हणजे माफक फी. काँग्रेसमधल्या गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ‘मॉडरेट’ गटाला मराठीत ‘मवाळ’ म्हटलं गेलं.

पाऊस
भारतीय हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर पाऊस म्हणजे मध्यम पाऊस. पण यातले ६० मिलिमीटर तासाभरातच कोसळले, तर सखल भागात पाणी साचू शकतं.

हवा
भारतात हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, १०१ ते २०० असला की ती ‘मॉडरेट’ ठरते. अशा हवेत दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो. अमेरिकेत मात्र ५१ ते १०० या टप्प्याला मॉडरेट म्हणतात. शब्द एकच, पण मोजपट्टी वेगळी!

आजार
कोविडच्या काळात ‘माइल्ड’ रुग्णाला घरीच विलगीकरणात राहता येत होतं. पण ऑक्सिजनची पातळी ९० ते ९३ टक्क्यांवर आली की रुग्ण ‘मॉडरेट’ गटात जायचा आणि त्याला रुग्णालयात दाखल करण्याची सूचना होती. म्हणजेच माइल्ड आणि मॉडरेट यांत घर आणि हॉस्पिटल इतकं अंतर होतं.

उच्चार कसा करायचा?
विशेषण असताना शेवट आखूड होतो, साधारण ‘मॉडरट’ असा. क्रियापद असताना तो ‘मॉडरेट’ असा लांबतो. ग्रुपवरच्या पोस्टवर लक्ष ठेवणारा ‘मॉडरेटर’ हा शब्द या क्रियापदाशीच संबंधित आहे.

थोडक्यात, मॉडरेट ही मोजपट्टीवरची मधली पायरी आहे. ती मोजपट्टी कशाची आहे, हे पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. रिपोर्टवर हा शब्द दिसला, तर डॉक्टरांना नक्की विचारा.