घरची दोन झाडे आणि थंडीतला रस



मार्गशीर्ष लागला की पहाटेची थंडी बोचू लागते. फडात कोयता चाललेला असतो, गव्हाणीपुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या असतात, आणि घरात कुणालाच दोन घटका बसायला सवड नसते. नेमक्या याच दिवसांत मोसंबीचे झाड फळांनी वाकलेले असते. उसाविषयी, खोडव्याविषयी, पाचटाविषयी या पानांवर आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही बोलणार आहोत ते घरच्या मोसंबीच्या पेलाभर ताज्या रसाविषयी. विषय लहान वाटेल, पण तो घरातल्या माणसांच्या तब्येतीचा आहे.

आपल्याकडे मोसंबीची एक गंमत आहे. फळ दारात पिकते, पण खाते कोण? तर आजारी माणूस! पिशवीत अर्धा डझन मोसंबी दिसल्या की शेजारीण लगेच विचारते, "काय हो, दवाखान्यात कोणाला ठेवलंय?" धडधाकट माणसाने मोसंबी खायची असते, हे आपल्या गावीच नाही. ज्यांच्या बागा आहेत त्यांच्याकडे तर आणखी उलटे. बाग व्यापाऱ्याला उक्ती दिली की झाडावरचे फळ तोडायची घरच्या पोरांना चोरी. उरलेसुरले डागी, तडकलेले फळ घरात येते. आणि घरची बाई? तिच्या वाट्याला तेही येईलच असे नाही.

आता जरा मुद्द्याचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. आपण बाजरीची भाकरी खातो, मेथी-शेपू खातो, मटकी-हुलगा खातो. यांत लोह आहे. पण धान्य-भाजीतले लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. जेवणासोबत क जीवनसत्त्व पोटात गेले, तर तेच लोह अधिक प्रमाणात अंगी लागते. मोसंबी-संत्र्यात हे जीवनसत्त्व भरपूर. शंभर ग्रॅम फळात साधारण ५० मिलिग्रॅम. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाला अडवतो. म्हणजे दुपारी भाकरी खाऊन वर कपभर चहा घेण्याऐवजी त्याच वेळी दोन मोसंबी घेतल्या, तर तीच भाकरी-भाजी अधिक कामाची ठरते. ज्यांचे रक्त फारच कमी आहे त्यांना डॉक्टरांच्या गोळ्या घ्याव्याच लागतील, नुसत्या रसाने भागणार नाही. पण रोजच्या ताटाला ही जोड घरातल्या झाडावरून मिळत असेल, तर ती का सोडावी?

रस काढण्याचीही रीत आहे. फळ आडवे कापावे आणि काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पिळणीवर हलक्या हाताने पिळावे. मिक्सरमध्ये बिया आणि पांढऱ्या सालीसकट फिरवले की रस कडू झालाच म्हणून समजा. हाताने काढलेला रससुद्धा सकाळी काढून दुपारपर्यंत ठेवला, तर कडवट लागतो. पुष्कळांना वाटते, फळच खराब होते. तसे नाही. अखंड फळात हा कडवटपणा बेचव रूपात दडलेला असतो. रस निघाला की त्यातल्या आंबटामुळे हळूहळू तो बाहेर पडतो. म्हणून काढला की प्यावा. तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. आंबट रस धातूवर चढतो आणि क जीवनसत्त्वही लवकर नासते. गरम तर मुळीच करू नये. थंडी वाजत असेल तर फळे आधी थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवावीत, रसाचा गारठा मोडतो.

आणि साखर? साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिताना संचालक मंडळाची आधीच माफी मागतो, पण रसात साखर घालू नका! पेलाभर रसात फळाचीच साखर साधारण चार चमचे असते. चिमूटभर मीठ पुरे. एका पेल्याला तीन-चार मोसंबी लागतात आणि चोथा मागे राहतो. म्हणून दात धड असलेल्यांनी निम्म्या वेळा फळ सोलून फोडीच खाव्यात. मधुमेहाच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांनी रसाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

फळ कधी तोडायचे, हेही समजून घ्यावे. आंबा, केळी आढीत पिकतात. मोसंबी-संत्री झाडावरून उतरली की पुढे गोड होत नाहीत. त्यामुळे घाई करून उतरवलेले फळ आंबट ते आंबटच. बाजारासाठी भाव बघून तोडतात, घरच्यासाठी गोडी बघून तोडता येते, घरच्या झाडाचा खरा फायदा हाच! रंगावर मात्र फार जाऊ नये. साल पिवळी व्हायला रात्रीचा गारवा लागतो. आपल्या हवेत पुष्कळदा फळ आत पिकते आणि वरून हिरवट राहते. सारख्या आकाराची दोन फळे हातात घ्यावीत. जे जड लागेल, ज्याची साल तुकतुकीत असेल, ते रसाळ.

पाटपाण्याच्या भागातल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर-राहुरीच्या बाजूला मोसंबीच्या बागा नावाजलेल्या होत्या. आज जालन्याच्या मोसंबीला आणि नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या फडात येणाऱ्या टोळ्यांपैकी कित्येक बीड-जालन्याकडच्या. २०१२-१३ च्या दुष्काळात त्या भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि शेतकऱ्यांनी आपल्या हाताने त्या तोडून सरपण केले. तिकडे झाड पाण्यावाचून मेले; आपल्याकडे ते पाण्याने मरते. हे वाक्य जरा नीट ध्यानात घ्या, कारण उसवाल्याची खरी चूक इथेच होते.

उसाला दिले तसे पाणी मोसंबीला दिले, बुंध्याशी पाणी तुंबू दिले, की डिंक्या आलाच. खोडावर डिंक सुटतो, साल कुजते, पाने पिवळी पडतात आणि दोन-चार वर्षांत झाड बसते. म्हणून घरच्या झाडाची जागा उसाच्या सरीच्या तोंडाशी नको, पाण्याचा निचरा होईल अशी हवी. चोपण आणि चुनखडीची जमीन टाळावी. तीन फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात शेणखत आणि पोयटा भरून पावसाळ्याच्या सुरुवातीला कलम लावावे. कलम कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारमान्य रोपवाटिकेचे, रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेले घ्यावे. डोळा भरलेला जोड जमिनीच्या वर वीतभर राहिलाच पाहिजे. दोन झाडांत वीस फूट अंतर ठेवावे. बुंध्याभोवती मातीची भर द्यावी आणि बाहेरून दुसरे आळे करून पाणी त्या दोहोंच्या मधून द्यावे. खोडाला पाणी शिवता कामा नये. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावावी : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीतच भिजवावे.

झाडे दोन का? तर एकाचा आंबे बहार धरावा, दुसऱ्याचा मृग. आंबे बहाराची फळे दसरा-दिवाळीपासून थंडीभर खाता येतात, मृगाची थंडी सरताना हाताशी येतात. आंबे बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडावे लागते; त्याआधी बहुतेक फळे उतरवून सावलीत हवेशीर टोपलीत ठेवावीत, पंधरा दिवस सहज राहतात. सगळीच फळे फार दिवस झाडावर राखली तर पुढच्या बहाराला मार बसतो. पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरते, आणि झाड भरात आले की चार-पाचशे फळे देते. म्हणजे घरच्यांना पुरून उरतील.

ती उरलेली बाजारात पाठवू नका, ही आमची विनंती. व्यापाऱ्याशी व्यवहार करताना ही दोन झाडे आधीच वगळून घ्या. चार फळे फडाच्या कडेला पाचटाच्या खोपीतून डोकावणाऱ्या पोरांच्या हातावर ठेवा. त्यांच्या आया पहाटेच्या अंधारात आपलाच ऊस तोडायला गेलेल्या असतात. आणि घरात पहिला पेला आजाऱ्याच्या आधी घरच्या लक्ष्मीला द्या. ती "राहू द्या, पोरांना होईल" म्हणेलच. तेव्हा तिचे ऐकू नका, एवढेच आमचे सांगणे.