‘जॉबला चॅम्फर मार’ आणि तांत्रिक पुस्तकाविषयीचे इतर गैरसमज

वाळूजच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त झाला की दोन बेत आखतो: सातारा परिसरात घर आणि एक पुस्तक. घर होतं. पुस्तक पहिल्या प्रकरणात अडतं, आणि का अडलं म्हणून विचारावं तर ठरलेलं उत्तर येतं, “मराठीत शब्दच नाहीत हो!”

निदान या शहरात तरी हे उत्तर देऊ नये. मौलवी अब्दुल हक 1912 मध्ये ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’चे सचिव झाले आणि पुढे दोन दशकांहून जास्त काळ त्या संस्थेचा कारभार इथूनच, तेव्हाच्या औरंगाबादेतून, चालला. पारिभाषिक शब्द घडवायचे कसे, एवढ्या एकाच विषयावरचं वहिदुद्दीन सलीम यांचं ‘वझ-ए-इस्तिलाहात’ हे पुस्तक 1921 मध्ये याच संस्थेने काढलं. 1925 मध्ये शास्त्रीय संज्ञांचा कोश आला. तिकडे हैदराबादला 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. तिथे वैद्यकासकट सगळं उर्दूतून शिकवायचं होतं, म्हणून भाषांतराचं खातं आदल्याच वर्षी उघडलं होतं. आधी शब्द जमू देत, मग पुस्तकं लिहू, असं म्हणत कुणी बसलं नाही.

मराठीची गोष्ट तर त्याहून जुनी. जॉर्ज जर्विस या इंग्रज अधिकाऱ्याने 1820 च्या दशकात मुंबईत शास्त्र्यांना हाताशी धरून गणिताची पुस्तकं मराठीत आणली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी 1857 ची. म्हणजे मराठीत गणित आधी छापलं गेलं, कादंबरी तीसेक वर्षांनी.

शब्दांची भीती गेली की लेखक दुसऱ्या टोकाला जातो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश समोर ठेवून एकेक इंग्रजी शब्द खरवडून काढतो. कोश वाईट नाहीत. दाब, घनता, तापमान हे शब्द वर्कशॉपमध्येही सहज चालतात. पण लेथवरचा मुलगा “जॉबला चॅम्फर मार” असंच म्हणतो, आणि पुस्तकात दुसरं काही दिसलं की त्याला ते परक्याचं वाटतं. 2021 पासून एआयसीटीईने अभियांत्रिकी पदवी भारतीय भाषांतून शिकवायला मुभा दिली आहे, तेव्हा परीक्षेसाठी वाचणाराही आता आहे. त्याच्यासाठी कोशातली संज्ञा पहिल्यांदा एकदा शेजारी द्यावी आणि पुढे मशीनवरचा शब्द वापरावा. निदान माझ्या हाती संहिता आली तर मी असंच करतो.

‘ज्याला जास्त येतं तो चांगलं लिहितो’ हा तिसरा समज, आणि तो सर्वांत महागात पडतो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी सी भाषा शोधली नव्हती, पण देशभरच्या मुलांनी ती ‘लेट अस सी’मधून गिरवली, कारण नवशिक्याचा पाय कुठे घसरतो हे त्यांना ठाऊक होतं. ज्यांनी भाषा घडवली त्या डेनिस रिची यांनी ब्रायन कर्निघन यांच्यासोबत 1978 मध्ये जे पुस्तक काढलं, ते 228 पानांत आटोपलं. उलट संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांच्याकडे 1962 मध्ये कंपायलरवरचं एक पुस्तक मागितलं होतं. त्यांनी हाताने तीनेक हजार पानं लिहिली. हाताने लिहिलेल्या पाच पानांचं छापील एक होईल असा त्यांचा हिशेब होता. प्रकाशकाने सांगितलं, दीड पानाचं एक होतं. एका पुस्तकाचे खंड झाले आणि ते काम अजून संपलेलं नाही. आपण नुथ नाही. आपला प्रकाशक सोळा पानांच्या फर्म्यावर खर्च मोजतो, आणि तीस वर्षांतलं सगळंच एका पुस्तकात कोंबलं तर किंमत शिकाऊ मुलाच्या आवाक्याबाहेर जाते.

आता कागदपत्रं. ‘मी काढलेली ड्रॉइंग माझी’ हे नोकरदाराने गृहीत धरू नये. वेगळा करार नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. ड्रॉइंग छापायचं तर लेखी परवानगी घ्या, नाहीतर नवं काढा. तुमच्या पुस्तकावरचा हक्क मात्र लिहिताक्षणी तुमचा होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि तो तुमच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो. प्रकाशकाला हक्क देताना करार लेखीच हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून लोक घाईने ‘कायमस्वरूपी’ या शब्दाखाली सही करतात तेव्हा मला वाईट वाटतं.

आयएसबीएन म्हणजे सरकारी पसंती नव्हे. तो पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी तो मोफत देते, आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही तो मागू शकतो. पैशांचं तर पाटीवर मांडूनच पाहा: तीनशे रुपये किंमत, दहा टक्के रॉयल्टी, हजार प्रती खपल्या तर तीस हजार. तेही खपल्यावर.

छापण्याआधी एकच काम उरतं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. प्रूफ सहकारी इंजिनिअरला वाचायला देतात. तो गाळलेली पायरी मनातल्या मनात भरतो आणि “छान झालंय” म्हणून परत करतो. प्रकरण आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला द्या, मशीनशेजारी उभं करा आणि तोंड बंद ठेवा. त्याचा हात थांबेल तिथे पेन्सिलने खूण करा. एवढं करूनही चुका राहतातच. नुथ आपल्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला 2.56 डॉलरचा चेक पाठवत, आणि पुष्कळांनी तो बँकेत न भरता भिंतीवर लावला.