पडदा काळा पडला? आधी तपासा, मग पैसे मोजा!

आमच्या वस्तीतील विहाराला लागून एक लहान खोली आहे. तेथे मुलांची अभ्यासिका चालते. या खोलीत तीन संगणक आहेत. तिन्ही जुने, कचेऱ्यांतून मोडीत निघालेले आणि वर्गणी काढून घेतलेले. वर्गणी कोणाची? नाक्यावर कामासाठी उभे राहणाऱ्या बांधवांची, धुणीभांडी करणाऱ्या भगिनींची, सफाई खात्यात राबणाऱ्यांची. कोणी वीस रुपये दिले, कोणी पन्नास. त्यातल्या प्रत्येक रुपयाची नोंद वहीत आहे, कारण हिशोब ठेवण्याचे काम समितीने आमच्यावर सोपवले आहे.

एका पावसाळ्यात यातला एक संगणक रुसला. बटण दाबले की पंखा फिरे, दिवा लागे, पण पडदा काळाच. ‘नो सिग्नल’ एवढे दोन शब्द काय ते दिसत. त्या संगणकावर वस्तीतील एक मुलगी आयटीआयच्या ड्राफ्ट्समन अभ्यासक्रमासाठी इमारतींचे नकाशे काढण्याचा सराव करीत असे. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. “काका, काहीतरी करा ना,” असे ती म्हणाली आणि आम्ही घाईला लागलो.

एका दुकानदाराने डबा न उघडताच सांगितले, “मदरबोर्ड गेला, नवा संगणक घ्या.” दुसरा म्हणाला, “ग्राफिक्स कार्ड बदला.” दुसऱ्याचे बोलणे स्वस्तात पडणारे होते, म्हणून आम्हाला ते खरे वाटले. चार हजार दोनशे रुपये मोजून कार्ड आणले. खोलीवर येऊन पाहतो तो आमचा डबा अरुंद आणि कार्डाची लोखंडी पट्टी त्याच्या दुप्पट उंच! कार्ड बसेना. खोके फोडलेला माल परत घेत नाही, असे दुकानदाराने सुनावले.

शेवटी मोबाईल दुरुस्ती शिकणारा वस्तीतलाच एक तरुण आला. त्याने जुने कार्ड उपसून काढले, धूळ झटकली, कार्डाच्या सोनेरी दातांवर पेन्सिलीचा खोडरबर हलकेच फिरवला आणि कार्ड पुन्हा घट्ट बसवले. पडदा उजळला. खर्च झाला तो पाच रुपयांच्या खोडरबराचा.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही सर्वांसमोर ही हकिगत सांगितली. सांगताना मान वर होत नव्हती. एक वयोवृद्ध उपासिका म्हणाल्या, “भाऊ, गेले ते पैसे काही परत येत नाहीत. पण का गेले ते लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्याचे जाणार नाहीत.” म्हणून हा लेख.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय?

संगणकाच्या आत सगळा कारभार आकड्यांचा. त्या आकड्यांचे चित्र करून पडद्याकडे पाठवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. यालाच व्हिडिओ कार्ड असेही म्हणतात. पुष्कळ संगणकांत ही सोय मुख्य प्रोसेसरमध्येच असते. तेथे वेगळे कार्ड लागत नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, तर मात्र ती सोय नसते. एएमडीच्या रायझन ५००० पर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ती नावात ‘जी’ असलेल्यांतच असते.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टायपिंग, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाईन धडे पाहणे यासाठी वेगळे कार्ड घेण्याची गरज नाही. मोठे नकाशे, व्हिडिओ जोडणी, त्रिमिती चित्रे आणि खेळ यांसाठी ते उपयोगी पडते. नुसता संगणक मंद चालत असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे किंवा रॅम वाढवणे, याचा गुण लवकर येतो.

तपासणीचा क्रम

नियम एकच : फुकटची तपासणी आधी, खर्चाची शेवटी.

पहिली तपासणी केबलची. दोन्ही टोके घट्ट करा, शेजारच्या संगणकाची केबल लावून पाहा. मॉनिटरला दोन-तीन तोंडे असतात. मॉनिटरच्या बटणाने योग्य तोंड निवडले आहे ना, ते पाहा. निळ्या रंगाचे, पंधरा सुयांचे व्हीजीए तोंड १९८७ सालापासूनचे आहे. त्याची एखादी सुई वाकली तरी चित्र जाते किंवा रंग बिघडतो.

दुसरी तपासणी जागेची. डब्याच्या मागे चित्राची केबल लावण्याच्या दोन जागा असू शकतात. एक मदरबोर्डची, माऊस-कीबोर्डच्या तोंडांजवळ. दुसरी कार्डाची, वेगळ्या पट्टीवर. कार्ड बसवलेले असेल तर केबल कार्डालाच लावावी. ही चूक इतकी सर्रास होते की, तिच्यापायी चांगली कार्डे नादुरुस्त ठरतात.

तिसरी तपासणी बैठकीची. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढा आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा. डब्याच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. मग कार्डाचा स्क्रू काढा, खाचेच्या टोकाला असलेली खिटी दाबा आणि कार्ड सरळ वर उचला. खिटी न दाबता ओढल्यास ती तुटते. सोनेरी दात पुसून कार्ड पुन्हा पूर्ण दाबून बसवा. रॅमच्या पट्ट्याही अशाच काढून घाला, कारण रॅम सैल झाली तरी पडदा काळाच राहतो. वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

चौथी तपासणी सर्वांत महत्त्वाची. प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्राची सोय असेल, तर कार्ड काढून ठेवा आणि केबल मदरबोर्डला लावा. चित्र आले तर दोष कार्डात किंवा त्याच्या खाचेत आहे. आता तेच कार्ड ओळखीच्या दुसऱ्या संगणकात लावून पाहा. तेथे चालले तर कार्ड निर्दोष आहे, खाच किंवा वीजपुरवठा तपासावा लागेल. आम्ही ही एवढी तपासणी केली असती, तर चार हजार दोनशे रुपये पेटीतच राहिले असते.

चित्र येते, पण बिघडलेले?

ठिपके, चौकोन, आडव्या-उभ्या रेघा दिसत असतील, तर त्या केव्हापासून दिसतात ते पाहा. संगणक सुरू होताना कंपनीचे चिन्ह येते तेव्हापासूनच दिसत असतील, तर दोष बहुधा कार्ड, केबल किंवा मॉनिटरचा. विंडोज सुरू झाल्यावरच दिसत असतील, तर आधी ड्रायव्हरवर संशय घ्यावा. ड्रायव्हर म्हणजे कार्ड कसे वापरायचे ते विंडोजला सांगणारा प्रोग्रॅम. तो काढून नव्याने टाकावा, आणि तोही एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल या कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. ‘तुमचे ड्रायव्हर जुने झाले, पैसे भरा’ असे सांगणाऱ्या प्रोग्रॅमच्या नादी लागू नये.

आणखी एक सोपी युक्ती. बिघडलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाईलवर उघडा. त्यातही रेघा असतील तर दोष संगणकाच्या आत आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर केबल व मॉनिटर आधी तपासा.

दहा-पंधरा मिनिटे काम केल्यावर संगणक अडकत असेल, तर उष्णता पाहा. जड काम चालू असताना कार्डाचे तापमान ७०-८० अंश सेल्सियस झाले तर नवल नाही, पण काही काम नसताना ते तेवढे असेल तर पंखा अडकला आहे किंवा धूळ साचली आहे. धूळ मऊ ब्रशने काढावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर पंखा जोराने फिरून खराब होतो.

नवे कार्ड घेण्यापूर्वी चार मापे

पहिले माप खाचेचे. १९९७ साली आलेली एजीपी खाच कधीच मागे पडली. तसा संगणक असेल तर त्यावर खर्च करू नये. आताच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत नवे कार्ड सहसा जुन्या मदरबोर्डवरही चालते, फक्त वेग थोडा कमी मिळतो.

दुसरे माप उंची-लांबीचे. कचेऱ्यांतले अरुंद डबे आपल्याकडे फार येतात. त्यांना ‘लो प्रोफाईल’, म्हणजे बुटके कार्ड लागते. दुकानात जाण्यापूर्वी आतली जागा टेपने मोजून कागदावर लिहून न्यावी.

तिसरे माप विजेचे. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला वेगळी वायर जोडावी लागते. सहा सुयांच्या वायरीतून ७५ आणि आठ सुयांच्या वायरीतून १५० वॅट मिळतात. एसएमपीएसवरच्या चिठ्ठीवर त्याची ताकद छापलेली असते, ती वाचावी. जीटी १०३० हे कार्ड सुमारे ३० वॅटवर चालते आणि बुटक्या आकारातही येते. पण त्यातही एक खोच आहे. २०१८ साली याच नावाने डीडीआर४ मेमरीचा प्रकार आला. त्याच्या मेमरीचा वेग मूळ जीडीडीआर५ प्रकाराच्या सुमारे एक तृतीयांश आहे. नाव तेच, माल वेगळा. म्हणून खोक्यावरची बारीक अक्षरे वाचावीत.

चौथे माप वयाचे. जीटी ७१० व बहुतेक जीटी ७३० कार्डे ज्या पिढीतली आहेत, त्या पिढीचे सुरक्षा ड्रायव्हर सप्टेंबर २०२४ पर्यंतच होते. जीटी १०३० आणि जीटीएक्स १०५० टीआय यांचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. सुरक्षेपुरते ते ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील, असे कंपनीने जाहीर केले आहे. याचा अर्थ कार्ड त्या तारखेला बंद पडते असा नाही, पण त्यासाठी पैसे किती द्यावेत याचा विचार करावा.

जुना माल घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला नवा-जुना दोन्ही माल मिळतो. जुने कार्ड घेणे वाईट नाही. मात्र ते आपल्यासमोर संगणकात लावून, जड काम देऊन अर्धा तास चालवून दाखवा असे सांगावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते चलन मिळवण्यासाठी रात्रंदिवस राबवलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. अशा कार्डांचे पंखे झिजलेले असू शकतात. जुन्या कार्डावर नव्याचे नाव चढवून विकणारेही आहेत. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवला तर आतली चिप कोणती ते कळते. २०१८ पासून तो अशी बनावट एनव्हिडिया कार्डे ओळखून तसे दाखवतो.

पक्के बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नाही. बिल नसेल तर मात्र आपली बाजू लंगडी पडते.

तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपण विहारात अनेकदा ऐकतो. सांगणारा मोठा आहे किंवा सगळे तसे म्हणतात, एवढ्याने काही मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. हा उपदेश आम्ही मुलांना समजावून सांगत होतो आणि दुकानाच्या फळीसमोर उभे राहताच नेमके विसरलो. तांत्रिक शब्द कानावर पडले की आपला माणूस गप्प बसतो आणि खिशात हात घालतो. गप्प बसण्याचे कारण नाही. प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

ते उंच कार्ड पुढे शेजारच्या वस्तीतील एका तरुणाने तीन हजारांना घेतले. उरलेले बाराशे आम्ही आमच्या पगारातून वहीत जमा केले. ते योग्यच झाले. त्या मुलीने परीक्षा दिली आणि ती उत्तीर्णही झाली. आता वरच्या चारही तपासण्या तिने स्वतःच्या अक्षरात लिहून संगणकाशेजारच्या भिंतीवर चिकटवल्या आहेत. गेल्या महिन्यात दुसऱ्या संगणकाचा पडदा काळा पडला, तेव्हा आठवीतल्या दोन मुलांनी तो कागद वाचून तिच्या देखरेखीखाली दोष शोधला. केबल सैल होती.

आपल्या वस्तीतही असा एक कागद लावा. जयभीम!