पोटात पाय, पाठीवर घर!

दोस्तांनो, रात्रभर धो धो पाऊस पडून गेलेला असतो. सकाळी तुम्ही पाठीला दप्तर लावून, रेनकोटची टोपी सावरत घराबाहेर पडता. आणि कुंडीच्या कडेवर, नाहीतर शाळेच्या ओल्या कुंपणावर एक स्वारी दिसते. पाठीवर ओझं तिच्याही आहे, पण घाई मात्र मुळीच नाही! ओळखलंत ना? गोगलगाय!

"आई, हिला घरी ठेवू?"

"शी! आधी ती खाली ठेव आणि हात धू!"

बहुतेक घरांत हे बोलणं इथंच संपतं. आज आपण ते थोडं पुढं नेऊ या. कारण आईचं निम्मं म्हणणं अगदी बरोबर आहे, हात धुवायलाच हवेत. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र तिची समजूत घालता येईल. गोगलगायीला एक बरणी पुरते. ती भुंकत नाही, सोफा फाडत नाही, तिला फिरायलाही न्यावं लागत नाही. अट एकच. तिला पाहुणी म्हणून आणायचं आणि आठ-दहा दिवसांनी जिथून आणली तिथंच नेऊन पोचवायचं. ही अट इतकी महत्त्वाची का, ते शेवटी कळेलच.

पोटात पाय खरंच असतात?

वरून गरीब आणि आतून पोचलेल्या माणसाला आपण 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणतो. गोगलगाय बिचारी फुकट बदनाम झाली! पण म्हण करणाऱ्याची नजर पक्की होती हं. गोगलगायीच्या शरीराचा जमिनीला टेकलेला सगळा खालचा भाग म्हणजे तिचा एकुलता एक पाय. शास्त्रज्ञ या प्राण्यांच्या गटाला 'उदरपाद' म्हणतात. उदर म्हणजे पोट आणि पाद म्हणजे पाय. म्हणजे शास्त्रज्ञांनीही तेच सांगितलं, फक्त जरा भारदस्त शब्दांत!

कोणती आणायची, कोणती नाही?

आपल्याकडे पावसाळ्यात दिसणाऱ्या सगळ्या गोगलगायी सारख्या नसतात. काही लहान असतात. त्यांचा शंख चपटा-गोल, कोटाच्या बटणासारखा दिसतो. अशी एखादी आणायला हरकत नाही.

दुसरी मात्र दांडगी. शंख लांबट, टोकदार आणि त्यावर गडद तपकिरी पट्टे. पूर्ण वाढ झाली की तिचा शंख तुमच्या मुठीएवढा, कधी त्याहूनही मोठा होतो. ही आफ्रिकन गोगलगाय. शेतकरी हिला 'शंखी गोगलगाय' म्हणतात. नावाप्रमाणे ती मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रज शंखतज्ज्ञानं ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि तिथल्या एका बागेत सोडली. पुढं ती देशभर पसरली. हिला घरी आणायचं नाही. लहानपणी तिचा शंख पुरता लांबट झालेला नसतो, त्यामुळं ओळखताना फसगत होऊ शकते. शंका आली तर जिथं आहे तिथंच बघा, उचलू नका.

गोगलगाय घेताना वहीत तारीख आणि जागा लिहून ठेवा. 'मागच्या अंगणात, कर्दळीखाली' इतकं नेमकं. तिला उचलायला हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला. ती भिंतीला चिकटली असेल तर खेचू नका. शंख म्हणजे काही वर ठेवलेली टोपी नव्हे, तो तिच्या शरीराला जोडलेला असतो. ओढलं तर आतून इजा होते. समोर ओलं पान धरा, ती आपणहून त्यावर येईल.

पाहुणीचं घर

मोठी पारदर्शक बरणी किंवा माशांची रिकामी टाकी घ्या. तळाला चार बोटं उंचीची ओलसर माती घाला. तिच्यात खत किंवा कीटकनाशक नको. वर थोडा पालापाचोळा आणि लपायला फुटक्या कौलाचा तुकडा ठेवा. तोंडावर जाळीचं कापड घालून घट्ट बांधा. 'ती काय पळणार!' असं म्हणाल, तर सकाळी ती छताला चिकटलेली सापडेल!

बरणी उन्हात ठेवू नका. रोज संध्याकाळी थोडं पाणी शिंपडा. नळाचं पाणी असेल तर ते आदल्या रात्री उघड्या भांड्यात ठेवा, म्हणजे त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. माती ओलसर हवी, चिखल नको. दोन दिवसांनी शिळा पाला काढून टाका, नाहीतर आई बरणीसकट तुम्हालाही बाहेर काढेल.

जेवायला काय?

काकडी, कोबीचं पान, पालक, दुधीची साल, गाजर. सगळं स्वच्छ धुतलेलं हवं, कारण भाजीवर औषध मारलेलं असू शकतं. मीठ लागलेलं, तळलेलं, मसालेदार काहीही नाही. एक गंमत सांगू? गाजर खाल्लं की तिची शी केशरी आणि पालक खाल्ला की हिरवी होते!

शंख मजबूत राहायला तिला कॅल्शियम लागतं, कारण शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. अंड्याची टरफलं धुऊन, वाळवून, चुरून ठेवा. घरात अंडी येत नसतील तर काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा चालेल. पानाला लावायचा चुना मात्र अजिबात नको, त्यानं तिचं अंग भाजतं.

आणि मीठ? काही मुलं गोगलगायीवर मीठ टाकून मजा बघतात. मीठ अंगातलं पाणी बाहेर ओढून घेतं आणि ती तडफडून मरते. त्यात मजा कसली?

आता बघा गंमत!

गोगलगाय निशाचर आहे. रात्री दिवे मालवून, टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावून बघायला बसा.

पहिली गोष्ट, तिची शिंगं मोजा. चार आहेत ना? वरच्या लांब दोघांच्या टोकाला डोळे आहेत. पण तिला उजेड-अंधार, फार तर पुसट आकार कळतात. खालची दोन आखूड शिंगं वास घ्यायला आणि चाचपायला.

दुसरी गोष्ट, ती काचेवरून चालू लागली की पलीकडून बघा. तिच्या पायावर पट्ट्या-पट्ट्या सरकताना दिसतील, शेपटीकडून डोक्याकडे. या स्नायूंच्या लाटा. त्यांच्या जोरावर ती पुढं जाते आणि खाली चिकट द्रव पसरत असल्यानं तिला खरचटत नाही.

तिसरी, तिचं तोंड. आत एक कानशीसारखी जीभ असते आणि त्या जिभेवर बारीक दात, हजारो! खोली अगदी शांत असेल तर काकडी किसल्याचा बारीक आवाजही ऐकू येतो.

चौथी, शंखाच्या कडेजवळ एक भोक उघडतं आणि मिटतं. ते तिचं श्वास घ्यायचं भोक.

पाचवी, शंख हातात न घेता नीट बघा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरल्याची कल्पना केली, तर तोंड कोणत्या बाजूला येतं? बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे. इंग्लंडमध्ये जेरेमी नावाची एक बागेतली गोगलगाय सापडली, तिचा शंख उलटा, डावीकडे वळलेला होता. अशा गोगलगायीची जोडी सरळ शंखवाल्यांशी जमत नाही. म्हणून २०१६ साली नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी चक्क स्थळ शोधत असल्याचं जाहीर केलं! स्थळं मिळालीही. २०१७ साली जेरेमी मेली, पण त्याआधी तिला ५६ पिल्लं झाली होती. आणि सगळ्यांचे शंख उजवे! आपल्या सह्याद्रीत तर एरिओफँटा गटातल्या काही गोगलगायींचा शंख नेहमीच डावा असतो. तेव्हा डावा शंख दिसला तर वहीत नक्की टिपून ठेवा.

शर्यत लावायची?

इंग्लंडमधल्या काँगम गावी गोगलगायींची जागतिक शर्यत होते. सुरुवातीला ओरडतात, "रेडी, स्टेडी, स्लो!" १९९५ साली आर्ची नावाच्या गोगलगायीनं १३ इंचांचं अंतर २ मिनिटांत कापून विक्रम केला. गणित करा बरं. तासाला जेमतेम १० मीटर! क्रिकेटची खेळपट्टी पार करायला या विश्वविक्रमी धावपटूला दोन तास लागले असते. तुमच्या पाहुणीचा वेग मोजायचा असेल तर ओल्या कागदावर वर्तुळ काढा, तिला मध्ये ठेवा आणि घड्याळ लावा.

मेली का झोपली?

दोन-तीन दिवस ती शंखात गुडूप झाली, तोंडावर पापुद्रा धरला, तर 'मेली' म्हणून फेकू नका. हवा कोरडी झाली की गोगलगायी दार लावून झोपतात. इजिप्तच्या वाळवंटातली अशीच एक गोगलगाय १८४६ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आली. रिकामा शंख समजून तो पुठ्ठ्यावर चिकटवून टाकला. १८५० साली कुणाच्या तरी लक्षात आलं की शंखाच्या तोंडावर ताजा पापुद्रा दिसतोय. कोमट पाण्यात ठेवताच बाईसाहेब बाहेर! चार वर्षं उपाशी, तीही पुठ्ठ्याला चिकटलेली! तुमची पाहुणी झोपली असेल तर थोडं पाणी शिंपडा आणि वाट बघा.

तीन गोगलगायींची गोष्ट

आता ती सुरुवातीची अट.

१९६६ साली अमेरिकेतल्या मायामी शहरातला एक मुलगा हवाई बेटांवर सहलीला गेला. तिथं त्याला आफ्रिकन गोगलगायी दिसल्या. तुमच्यासारखाच हौशी असणार. तीन गोगलगायी त्यानं लपवून घरी आणल्या. त्याच्या आजीनं त्या बागेत सोडून दिल्या. आजीला वाटलं असेल, सुटल्या बिचाऱ्या.

गोगलगाय एकाच वेळी नरही असते आणि मादीही. त्यामुळं कुठल्याही दोघी भेटल्या तरी अंडी होतात आणि आफ्रिकन गोगलगाय एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज घालते. सात वर्षांत तिथं १८,००० हून जास्त गोगलगायी सापडल्या. त्या संपवायला दहा वर्षं आणि १० लाख डॉलर लागले. २०११ साली त्या मायामीत पुन्हा निघाल्या. २०२१ पर्यंत दीड लाखाहून जास्त गोळा कराव्या लागल्या.

ही गोष्ट लांबची वाटते? मग लातूर, बीड, धाराशिवकडच्या मित्रांना विचारा. २०२२ च्या पावसाळ्यात तिथं सोयाबीनचे कोवळे कोंब शंखी गोगलगायींनी रातोरात फस्त केले. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. शेतकरी संध्याकाळी बांधावर गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं पसरायचे आणि खाली जमलेल्या गोगलगायी पहाटे वेचून मारायचे. बांधाला चुन्याचे पट्टे ओढायचे. त्यांना कुणाला हौस होती का मारायची? पण पीक गेलं तर घर कसं चालणार?

यात गोगलगायीचाही दोष नाही. तिला कुणीतरी तिच्या गावाहून उचललं आणि दुसरीकडं सोडलं. दोष उचलणाऱ्याचा आणि सोडणाऱ्याचा. म्हणून पुण्याची गोगलगाय सुट्टीत मामाच्या गावी न्यायची नाही, मित्राला भेट द्यायची नाही. मातीत पांढरे मण्यांसारखे गोळे दिसले तर ती अंडी. मग आणखी थांबायचं नाही. मातीसकट, पाहुणीसकट सगळं मूळ जागी परत न्यायचं.

आईबाबांसाठी दोन शब्द

गोगलगायींच्या, विशेषतः आफ्रिकन गोगलगायीच्या अंगात उंदरांकडून आलेला एक सूक्ष्म जंत असू शकतो. तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून बरणी स्वयंपाकघरात नको. गोगलगाय, तिचा चिकट द्रव किंवा माती हाताळल्यावर साबणानं हात धुवायला लावा. हाताला जखम असेल तर फक्त बघायचं. अगदी लहान भावंडं सगळं तोंडात घालतात, त्यांच्यापासून बरणी उंचावर ठेवा. पावसाळ्यात पालेभाजी एकेक पान सुटं करून धुणंही याचसाठी चांगलं. एवढं सांभाळलंत तर मुलांना 'शी' म्हणायचं कारण उरणार नाही.

आणि दोस्तांनो, आठ-दहा दिवस झाले, वही भरली, की एक पावसाळी संध्याकाळ बघा. बरणी घेऊन त्याच कर्दळीखाली जा. झाकण काढून बरणी आडवी करा आणि बाजूला बसा. घाई करू नका, ती पाहुणी काही घाईतली नाही. आधी दोन शिंगं बाहेर येतील, मग चारही. मग ती पाठीवरचं घर सावरत हळूच पानाआड जाईल, मागं चकचकीत रेघ ठेवून.

टाटा करा, आणि घरी जाऊन आधी हात धुवा!